खरे धरले तरी

डाग बरोबर अर्ध्यावर होता — की अर्ध्याच्या किंचित पुढे? भिंगाखाली सोयाबीनच्या रोपाचं ते बीजदल ओल्या कागदावर उताणं पडलं होतं, एका बाजूला फिकट पिवळं, दुसऱ्या बाजूला तपकिरी, आणि दोन्ही रंगांमधली रेघ सरळ नव्हती, ती आत-बाहेर जात होती. संघप्रियानं चिमट्यानं रोप जरासं फिरवलं, दिव्याकडे धरलं, पुन्हा ठेवलं. मूळ सरळ होतं. शेंडा शाबूत होता. प्रश्न फक्त दलाचा. अर्धा किंवा अर्ध्याहून जास्त भाग निरोगी असेल तर रोप साधारण, नसेल तर असाधारण. नियम एवढाच होता. एकोणीस वर्षं ती तो लावत आली होती, दिवसाला आठशे-हजार रोपांना, आणि जवळजवळ सगळी रोपं आपण कुठल्या ढिगात जायचं ते स्वतःच सांगून टाकत. महिन्यातून दोन-तीनच अशी.

बेरीज आधी करायची नाही, हा तिचा स्वतःचा नियम. चारही शेकडे मोजून आकडे रजिस्टरात उतरेपर्यंत बेरीज नाही, कारण बेरीज कळली की डोळा बदलतो. पण डोकं ऐकत नसे. सत्तर, एकोणसत्तर, एकाहत्तर, आणि चौथ्या शेकड्यात आत्तापर्यंत सदुसष्ट. हे रोप साधारण धरलं तर अडुसष्ट, म्हणजे सरासरी साडेएकोणसत्तर, म्हणजे नियमानं सत्तर टक्के उगवण, म्हणजे लॉट पास. नाही धरलं तर नापास. कुणाच्या तरी गोदामातली शे-दोनशे पोती या करंगळीएवढ्या रोपापाशी येऊन थांबली होती. कुणाच्या, ते तिला माहीत नव्हतं. माहीत असायचंच नसतं. नमुन्याच्या पिशवीवर नुसता क्रमांक येतो. कोणता क्रमांक कोणत्या दुकानाचा, ते पलीकडच्या खोलीतल्या कुलूपबंद कपाटात.

"म्याडम, कितीबी येळ बगा, ते काय बोलनार न्हाई," सिताराममामा म्हणाले. बियाणे तपासणी प्रयोगशाळेतले परिचर, निवृत्तीला चौदा महिने राहिले होते आणि ते रोज एकदा सांगत. हातात ओल्या कागदाच्या गुंडाळ्यांचा ट्रे होता.

"बोलेल, मामा. थोडा वेळ देऊ."

"द्या की. लोकं म्हन्तेत सरकारी काम हळू चालतंय. त्यांला काय माहीत हितं येकेका रोपाचं बयान घ्यायलेत." आणि ते स्वतःच्याच बोलण्यावर खूश होऊन निघून गेले.

बयान... तिनं रोप एका वेगळ्या बशीत ठेवलं, वरून ओला कागद पांघरला. तेवढ्यात टेबलावर पालथा ठेवलेला फोन थरथरला, आणि तो न पाहताच तिला कळलं. काल संध्याकाळी पाचला तिच्या वकील स्वरदा मॅडमचा निरोप आला होता — झालं, अर्ज मंजूर, प्रत उद्या पाठवते — आणि तो वाचून ती खुर्चीत बसली होती, बाहेर उन्हाच्या झळा होत्या, नंतर घरी गेली आणि स्वयंपाक न करता, दिवेलागणीच्या आत, साडीसकट झोपून गेली. आनंद झाला, असं म्हणता आलं नसतं. शरीरानं परस्पर काहीतरी खाली ठेवलं, असं झालं. सकाळी भाऊ बुद्धभूषणचे सात न घेतलेले कॉल. "सुटलो म्हणून फोन केला, अन् तू मेलीस का काय असं वाटाय लागलं," तो म्हणाला होता.

आता प्रत आली होती. बावीस पानं.

वाचायला ती वजनाच्या खोलीत गेली. तिथं पंखा नसतो. वाऱ्यानं काटा हलतो म्हणून. परभणीच्या एप्रिलमध्ये त्या खोलीत आपणहून कोणी येत नाही, म्हणूनच ती तिथं गेली. दार ओढून घेतलं, स्टुलावर बसली, आणि गळ्यावरून घाम उतरत असताना पहिल्या पानावर आपलं नाव वाचलं. अर्जदार क्रमांक एक. याआधीच्या कागदांवर ती आरोपी क्रमांक एक होती.

सगळी हकीकत न्यायालयानं दीड पानात बसवली होती, आणि परक्या भाषेत, परक्या माणसानं लिहिलेली ती हकीकत वाचताना तिला वाटलं, अरे, किती सोपं आहे हे! वालूरचे किशनराव, बियाण्याचे दुकानदार. सहा वर्षांपूर्वी त्यांच्या सोयाबीनची उगवण बावन्न टक्के निघाली, विक्री थांबली. त्यांनी फिर्याद दिली की तपासनीस बाईनं रजिस्टरात खाडाखोड करून खोटा अहवाल बनवला. खटला चालला. खाडाखोड एकच होती: चुकून लिहिलेल्या आकड्यावर एक आडवी रेघ, खालचा आकडा वाचता येईल अशी, शेजारी सही आणि तारीख — चूक झाली की ती पुसायची नाही, दिसू द्यायची, हीच इथली पद्धत — आणि तालुक्याच्या न्यायालयानं तिची निर्दोष मुक्तता केली. हे दोन वर्षांपूर्वी, फेब्रुवारीतल्या एका बुधवारी. त्यानंतर तेविसाव्या दिवशी किशनरावांनी त्याच न्यायालयात दुसरी तक्रार दाखल केली. निकालानंतरच्या दुसऱ्या रविवारी, तेरा तारखेला, सकाळी साडेदहाला ही बाई आणि तिचा भाऊ वालूरच्या दुकानात आले, शिवीगाळ केली, कोयता दाखवला, जिवंत सोडणार नाही म्हणाले. साक्षीदार: दुकानातला नोकर आणि एक मेहुणा.

कोयता! भूषण झरीच्या शाळेत चौथीला शिकवतो. त्याच्या घरात धार असलेली वस्तू म्हणजे विळी. आणि त्या रविवारी साडेदहाला ती इथंच होती, कारण आठव्या दिवशीची मोजणी आठव्या दिवशीच करावी लागते, वार कुठलाही असो. हे सगळं पहिल्याच दिवशी सांगता आलं असतं. सांगता आलं असतं, पण—

ते वाक्य. त्या वर्षीच्या मे महिन्यात कोर्टाच्या आदेशावरून चौकशीला जमादार आले होते. सभ्य माणूस, दारात बूट काढले. "म्याडम, तेरा फेब्रुवारीला तुमी वालूरला गेलता का?" कशासाठी, ते सांगितलं नाही. वालूरला तिची मावशी राहते, महिन्या-दोन महिन्यांनी तिकडे फेरी होई, आणि तीन महिन्यांपूर्वीची एक तारीख कोणी विचारली तर तपासनीस काय म्हणतो? "नोंद पाहून सांगते. आत्ता खात्रीनं सांगता येणार नाही." जमादारांनी लिहून घेतलं: सदर दिवशी मी वालूर येथे नव्हते असे मी खात्रीने सांगू शकत नाही. तिनं ते दोनदा वाचलं. त्यात खोटं काही नव्हतं. तिनं सही केली.

त्या सहीवर समन्स निघालं. भूषणसकट. जामीन, चौदा तारखा, कोर्टाबाहेरच्या बाकावर चौथीच्या वह्या तपासत बसलेला भूषण... तिच्या बढतीची फाइल थांबली, आणि भूषण तर, म्हणजे त्याचा संबंधच काय होता, त्याच्या शाळेच्या व्यवस्थापन समितीत कोणीतरी विचारलं की कोयतावाले गुरुजी ते हेच का. "येवढं खरं बोलायचं कामून गं ताई?" तो एकदाच म्हणाला होता. "नव्हते, म्हणून मोकळी व्हायचीस. सगळं जग असंच बोलतंय."

पंधरावा परिच्छेद त्या वाक्याबद्दल होता. एका ओळीत. केवळ एवढ्या विधानावरून अर्जदारांचा सहभाग दिसत नाही. ज्या वाक्यानं तिला दोन वर्षं झोपेतून उठवून बसवलं होतं, ते न्यायमूर्तींनी टेबलावरचं कुसळ झटकावं तसं झटकलं होतं, आणि वजनाच्या खोलीत एकटीच बसलेली संघप्रिया मोठ्यानं "हं" म्हणाली. तक्रारीला बारा दिवस का लागले याचा खुलासा नाही. पोलिसांत वर्दी नाही. निर्दोष मुक्ततेनंतर लगोलग. सूड उगवण्याच्या हेतूनं. कारवाई रद्द. रद्द, रद्द... तिनं तो शब्द मराठीत करून पाहिला, मग पुन्हा इंग्रजीत वाचला, मग पुन्हा मराठीत. दोन्हीकडे तो तेवढाच पक्का होता.

आणि सतरावा परिच्छेद. आरोप जसेच्या तसे खरे धरले तरी त्यांतून गुन्हा घडल्याचे दिसत नाही.

खरे धरले तरी.

तिनं स्वरदा मॅडमना फोन लावला. औरंगाबादच्या खंडपीठात वकिली करणारी, तिच्याहून दहा वर्षांनी लहान मुलगी. मागं गाड्यांचे आवाज येत होते.

"वाचलंत, ताई? कसलं सुंदर लिहिलंय ना?"

"हो. मॅडम, ते सतरावं... खरे धरले तरी. म्हणजे खरं की खोटं, ते त्यांनी पाहिलं नाही?"

"पाहायचं नसतंच त्यांनी! साक्षीपुरावे तपासणं हे त्यांचं काम नाही या टप्प्यावर. म्हणून असं लिहितात. प्रत्येक आदेशात असतं ते."

"म्हणजे मी तिथं नव्हते असं ते म्हणत नाहीत."

"तुम्ही तिथं असतात, कोयत्यासकट असतात, तरीसुद्धा ही तक्रार टिकत नाही असं म्हणतात! याहून काय हवं?" मग हसून, "तुम्ही ना, जिंकल्यावर सुद्धा गुण मोजताय. पेढे खा. आणि भावाला द्या, बिचाऱ्याला दोन नंबरचा आरोपी केला."

बिचाऱ्याला... तिनं फोन ठेवला. काचेच्या पेटीतला तराजू शून्यावर होता. मॅडमचं बरोबर होतं, गणितातही तसंच करतात, समजा हे खरं आहे, आणि मग त्यातून काहीच निघत नाही असं दाखवतात. त्यात चुकीचं काही नाही. मग मला काय टोचतंय? मला काय हवं होतं, न्यायमूर्तींनी लिहावं की ही बाई चांगली आहे?

हो. तेच हवं होतं. कारण ते बाहेरून कोणी लिहिलं असतं तर मला आत पाहावं लागलं नसतं.

निकालाचा बुधवार. तालुक्याच्या कोर्टासमोर एक मोठा लिंब आहे, त्याच्या पाराला टेकून किशनराव उभे होते, पांढरा सदरा, हातात पाण्याची बाटली, सोबत दोघं-तिघं. ती पायऱ्या उतरत होती. ऐकू जावं इतपत मोठ्यानं ते सोबतच्यांना म्हणाले, "सुटणारच की. आता समदीकडं ह्यांचंच राज्य हाय." ह्यांचं. भूषण नंतर म्हणाला, हे कलमात बसतंय ताई, आपण गुन्हा नोंदवू. आणि तिनं विचार करून सांगितलं होतं की 'ह्यांचं' म्हणजे आपलंच, असं सिद्ध कसं करणार, सरकारी नोकरांचं असंही असू शकतं. भूषणनं कपाळाला हात लावला होता.

पण ते नंतर. त्या क्षणी ती विचार करत नव्हती. त्या क्षणी ती पायरीवरून सरळ पाराकडे गेली, भिंगातून पाहावं इतकी जवळ, आणि हळू आवाजात म्हणाली, "किशनराव, तुमचा एकेक लॉट माझ्या हातून जातो. लक्षात ठेवा."

एवढंच. आणि वळली.

कोयता नव्हता. वालूर नव्हतं, रविवार नव्हता, शिवी नव्हती. किशनरावांनी तक्रारीत लिहिलेलं एकूणएक खोटं होतं — आणि जे खरं होतं ते त्यांनी लिहिलंच नव्हतं. का? त्यातली धमकी कोणाला कळली नसती म्हणून? की त्यात गुन्ह्यासारखं काही नव्हतं, म्हणून त्यांना त्याच्या जागी कोयता आणून ठेवावा लागला? पण तिला कळत होतं. ज्या गोष्टीचा तिच्यावर चार वर्षं खोटा आळ होता, तीच गोष्ट करीन असं ती तोंडानं बोलली होती. करू शकली नसती. क्रमांक कोणाचा ते तिला कळतच नाही. पण हे किशनरावांना माहीत नव्हतं, आणि त्यांना माहीत नाही, हे तिला माहीत होतं.

अर्जासोबतच्या शपथपत्रात मॅडमनी आधी लिहिलं होतं: निर्दोष मुक्ततेनंतर अर्जदारांचा तक्रारदाराशी कोणताही संपर्क आला नाही. तिनं पेन मागून घेतलं आणि मध्ये दोन शब्द घातले — वालूर येथे. "किती बारीक वाचता हो तुम्ही!" मॅडम कौतुकानं म्हणाल्या होत्या. आता त्यात खोटं काही नव्हतं. तिनं सही केली.

आणि त्या बुधवारपासून, दोन वर्षं आणि दोन महिने, बशीत बाजूला ठेवलेलं प्रत्येक रोप... हे त्यांचं असेल का? असेल आणि म्हणून मी याला असाधारण म्हणते आहे का? की असेल या भीतीनं साधारण म्हणते आहे, आपला चांगुलपणा सिद्ध करायला? दोन्हीकडून खोटंच. मोजायला तिला दुप्पट वेळ लागू लागला होता. सिताराममामांना वाटे की बाईंचे डोळे कमी झाले.

हे तपासता येईल, हे तिला पहिल्या महिन्यापासून माहीत होतं. संशयाच्या रोपांची नोंद ती शेऱ्याच्या रकान्यात करत आली होती. निकालाआधीची दोन वर्षं आणि नंतरची दोन वर्षं, कोणता ढीग किती, नुसतं मोजायचं. रजिस्टरं मागच्या कपाटात होती, दहा पावलांवर. ती तिकडे कधी गेली नव्हती. खटला चालू असताना उत्तर वाईट आलं असतं तर ते घेऊन कुठं जाणार होती!

आज ती उठली आणि गेली.

मामांनी चार जाडजूड रजिस्टरं तिच्या टेबलावर पाहिली. "काय म्याडम, ऑडिट आलं का?"

"माझंच आहे, मामा."

"मंग पास करून टाका की. कोन बघायलंय?"

दीड तास लागला. ती बोट ठेवून एकेक पान उतरत गेली आणि कोऱ्या कागदावर काड्या ओढत गेली, पाच-पाचच्या जुड्या, आधीच्या एका बाजूला, नंतरच्या दुसऱ्या. जेवणाचा डबा तसाच राहिला. स्वतःचं अक्षर इतकं सलग वाचायची वेळ कधी आली नव्हती. खटल्याच्या दिवसांतलं, जामिनाच्या आठवड्यातलं, बाबांचं पुण्यानुमोदन झालं त्याच्या दुसऱ्या दिवशीचं... अक्षर सगळीकडे सारखंच होतं, आणि त्या सारखेपणाचं तिला हळूहळू नवल वाटायला लागलं, कारण आतली बाई तर सारखी नव्हती. शेवटची काडी ओढली. निकालाआधी: संशयाची त्रेसष्ट, त्यांपैकी साधारण धरलेली चौतीस. नंतर: संशयाची अठ्ठावन्न, साधारण एकतीस.

चौपन्न टक्के. आणि त्रेपन्न पूर्णांक काहीतरी.

तिनं पुन्हा भागलं. तेच आलं. अर्ध्या टक्क्याचा फरक, ज्याला काहीच अर्थ नसतो. तोंड जे बोललं होतं ते हातापर्यंत पोचलंच नव्हतं. हात आपला नियम लावत राहिला होता, तिला न विचारता, सगळ्या संशयाखालून, दिवसाला आठशे-हजार वेळा. अर्थात आकडे लहान होते. एवढ्या नमुन्यावरून खात्रीनं काही सांगता... आणि ते वाक्य मनात पुरं व्हायच्या आतच तिला हसू फुटलं. जोरात. मामांनी दारातून डोकावलं.

"पास का?"

"पास, मामा. खात्रीनं सांगता येणार नाही, पण पास."

"तुमचं आसंच," मामा म्हणाले.

मग ती बशीकडे वळली. ओला कागद काढला, काचेची आखीव पट्टी दलावर ठेवली, चौकोन मोजले. डाग अर्ध्याच्या पुढे होता. फार नाही, दोन चौकोन. असाधारण. चौथा शेकडा सदुसष्ट. तिनं आकडा लिहिला, सही केली, आणि पुढची गुंडाळी उलगडून पाच-सहा रोपं मोजून झाल्यावर तिच्या लक्षात आलं की हा लॉट कोणाचा असेल, हा विचार यायचा राहून गेला.

झरीला ती साडेसहाला पोचली. उन्हाचा जोर ओसरला होता पण सडक अजून तापलेली होती, आणि स्कूटीवर वीसेक किलोमीटर येताना वारा अंगावर घेत ती मोठ्यानं काहीबाही म्हणत आली होती, शाळेतली एक कविता, मग मूलद्रव्यांची नावं ओळीनं. मनिषानं, भूषणच्या बायकोनं, दारातच कंबरेवर हात ठेवले.

"आल्या का आरोपी नंबर एक! नंबर दोन आत हाईत, वह्या तपासायलेत. का वाजंत्री बोलवू?"

"माजी आरोपी म्हण," भूषण आतून ओरडला. "अन् गुन्ह्यात बी हिचाच पयला नंबर. शाळेत बी हीच. मला कुठं चान्स हाय का?"

तिनं छापून आणलेला आदेश त्याच्या हातात दिला. त्यानं पहिलं पान उलटलं, मधली पानं उलटली, शेवटच्यावर बोट ठेवलं. "रद्द. हेच ना?"

"हेच."

"दोघांवरची?"

"दोघांवरची."

त्यानं कागद पलंगावर ठेवला, उठला आणि अंगणातल्या नळावर जाऊन तोंड धुतलं. बराच वेळ धुतलं. परत आला तेव्हा सदरा पुढून पार भिजला होता, आणि मनिषा चेष्टा करता करता थांबून चहा टाकायला आत गेली.

आज सांगून टाकू, असं तिनं रस्त्यात ठरवलं होतं की आत्ता ठरवलं, तिला कळलं नाही. "भूषण, एक सांगायचं राहिलंय. निकालाच्या दिवशी, लिंबाखाली, मी किशनरावांना—"

"तुमचा एकेक लॉट माझ्या हातून जातो, लक्षात ठेवा."

वाक्य भूषणनं पुरं केलं.

"मी मागंच हुतो की, ताई. दोन पावलं मागं. बाटली पडली ना त्याच्या हातातनं."

"बाटली पडली?"

"मंग! पार बुटावर पानी. तुला दिसलं न्हाई?"

दिसलं नव्हतं. तिच्या आठवणीत बाटली त्यांच्या हातातच होती, दोन वर्षं.

"तू कधी बोलला नाहीस."

"तू कुठं बोललीस?" तो म्हणाला. "वकीलबाईनं इचारलतं मला, कोर्टात काय बोलनं झालतं का. म्हणलं, मला काय ऐकू आलं न्हाई." त्यानं ओल्या सदऱ्यानं हात पुसले. "मला वाटायचं, दुसरी केस त्याच्यामुळंच आली. तरी बी तुझ्यावर राग न्हाई आला कधी. लय बरं वाटलतं मला त्या टायमाला. खोटं कशाला बोलू."

मनिषा चहा घेऊन आली आणि दोघांच्या तोंडांकडे आळीपाळीनं पाहू लागली. "काय बहीण-भाऊ हाव तुमी. एका गोष्टीला दोन वर्सं दोघं बी झाकून बसलाव."

"अन् वळलीस ना तू," भूषण म्हणाला, "तवा हसायलीस."

"मी?"

"हाव. तशीच हसत आलीस माझ्याकडं."

कपाच्या कडेला बोटं भाजत होती, तिनं कप हातातच ठेवला. हसत. त्या दिवसाचं तिच्याकडे सगळं होतं — पायऱ्यांची संख्या, किशनरावांचा सदरा, स्वतःचा आवाज किती हळू होता ते — आणि हे नव्हतं. आपण रागानं बोललो, अपमानानं बोललो, असंच ती धरून चालली होती, आणि दुपारी कागदावरच्या काड्यांनी तिचा हात स्वच्छ आहे असं सांगितलं तेव्हा तिनं तो निकाल अख्ख्या बाईसाठी घेतला होता. पण लिंबाखालून एक बाई हसत परत आली होती. एका माणसाला घाबरवून. तिला ते आवडलं होतं. त्या बाईची नोंद कुठल्याच रजिस्टरात नव्हती. ती फक्त भूषणनं पाहिली होती, आणि पाहून तिच्यावर रागावला नव्हता.

ती लाज वाटायची वाट पाहत होती. लाज येत नव्हती. पायाला मुंग्या आल्यावर तो परत जागा होताना होतं तसं काहीतरी होत होतं, नकोसं आणि बरं, एकदमच.

"कशी?" तिनं विचारलं.

"कशी म्हंजे?"

"कशी हसत होते मी?"

भूषणनं विचार केला. मग त्यानं ओठ एका बाजूला ताणून पाहिले, भुवया उचलल्या, नाही, असं नाही, म्हणत पुन्हा सैल सोडले, पुन्हा ताणले. मनिषा पदर तोंडाला लावून हसायला लागली. "आवं, माकड दिसायलाव," ती म्हणाली. पण संघप्रिया हसली नाही. ती पुढे वाकून त्याच्या चेहऱ्याकडे बघत होती.

"थांब," ती म्हणाली. "घाई करू नकोस. नीट आठव."